आचारी जेवला का?

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते चिंचवडशेजारी थेरगावच्या एका लग्नात, आणि तेव्हा ते पंगतीत बसायला चक्क नकार देत होते. पत्रावळी मांडलेल्या, भात वाढलेला, नवरीचा बाप हात जोडून उभा, आणि हे धोतरावर काळा कोट चढवलेले हाडकुळे गृहस्थ चुलाणाकडे बोट दाखवून विचारत होते, "आचारी जेवला का?"

"मामा, आचारी कसा जेवंल आधी?" नवरीचा बाप काकुळतीला आला होता. "पाव्हणं उठल्यावर जेवंल की!"

"मग मी बी पाव्हणं उठल्यावरच जेवीन."

आणि खरंच की हो! सगळी पंगत उठेपर्यंत ते चुलाणापाशी आचाऱ्याशी गप्पा मारत बसले. आचाऱ्यानं शेवटी आपलं पान वाढून घेतलं, पहिला घास तोंडात घातला, तेव्हा कुठं हे त्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि चांगले आडवा हात मारून जेवले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसत होते. तेवढ्यात आमचे हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्यांच्याकडंच आपल्याला खोली बघायचीय."

"अगं बाई! गावात दुसरं घर नाही का?" मी म्हटलं.

नव्हतं. चिंचवड तेव्हा गावच होतं. आणे जाऊन नवे पैसे आले होते त्या सुमाराची गोष्ट. स्टेशनच्या अंगाला एकेक कारखाना उभा राहत होता, बाकी सगळी ज्वारी. आमच्या ह्यांना पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात टर्नरचं काम लागलं म्हणून आम्ही साताऱ्याकडून बिऱ्हाड उचललं होतं. आमच्यासारखी बरीच आली होती, आणि खोल्या मात्र मोजक्या.

मामांनी (सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं) ह्यांचा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, माणसं किती तेही विचारलं नाही. ओट्यावर बसून आमचं सामान उतरताना बघत राहिले. ट्रंक, वळकटी, पितळी हंडा. शेवटी मी रॉकेलच्या डब्यात लावलेली माहेरची तुळस उतरवली. आई गेल्यावर माहेराहून मी तेवढीच आणली होती. सबंध रस्ताभर मांडीवर घेऊन बसले होते.

मामा उठले. "किल्ली दे गं," त्यांनी मामींना हाक मारली. "तुळस घिऊन आलीया. ही न्हाई पळायची."

झालं. एवढ्यावर आम्हाला खोली मिळाली.

मामा मूळचे तिथलेच, शेतकऱ्याच्या घरातले. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेले आणि शेअरबाजारातल्या एका दलालाच्या पेढीवर चिकटले. आधी चहा आणायला, मग निरोप पोचवायला, मग कागद लिहायला. सगळी उमेद त्या पेढीवर घालवून म्हातारपणी गावी परत आले ते रिकाम्या हातानं. बरोबर आणली ती एक खोड. कुठलीही वस्तू समोर आली की ती विकणाऱ्याचा स्वतःचा जीव तिच्यात किती अडकलाय, ते हुंगत बसायचं. बाजारात भाजीवालीपुढं उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "तुज्या घरी आज काय शिजलंय?" ती म्हणेल मेथी, तर मेथी घ्यायची. ती म्हणेल वांगी, तर वांगी.

मामी डोक्याला हात लावायच्या. "आवं, ती भवानी रोज मेथीच म्हनती! जे खपत न्हाई ते तुमच्या गळ्यात मारती." त्यावर मामा विचारात पडायचे. दुसऱ्या दिवशी त्या भाजीवालीच्या घरावरून जाताना फोडणीचा वास घेऊन यायचे. मामींना आठवड्यातून चार वेळा मेथी निवडावी लागली, पण माणसाची खोड काही सुटली नाही.

त्यांचे सगळेच अंदाज बरोबर यायचे असं मुळीच नाही हं. गावात एक नवा न्हावी आला. त्यानं स्वतःचा आरसा न घेता कुणाचा तरी मागून आणला होता. मामांनी लगेच निकाल दिला, "हा दिवाळी बघत न्हाई. टिकायचं आसतं तर आरसा इकत घेतला आसता." तो न्हावी तिथंच म्हातारा झाला, त्याच मागून आणलेल्या आरशासमोर. मामा दर खेपेला हजामतीला बसले की त्या आरशाकडे रागानं बघायचे.

दुपारी मी तांदूळ निवडत बसले की मामा ओट्यावर पेपर घेऊन बसायचे. तोही कालचा. स्टेशनजवळच्या हॉटेलातून सगळ्यांचा वाचून झालेला मागून आणायचे. म्हणायचे, "ताज्या भावानं डोकं फिरतं." आणि मला समोर बसवून कंपन्यांच्या गोष्टी सांगायचे. मला सुरुवातीला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण मामांना श्रोता लागायचा, आणि मामी तर पेपर उघडला की उठून गोठ्यात जायच्या.

"कंपनी आजारी पडली ना पोरी, की मोठा साहेब जातो," ते सांगायचे. "त्याला भ्यायचं न्हाई. साहेब येत्यात, जात्यात. हिशेबनीस गेला की मातर समजायचं, आत काईतरी जळतंय. त्याला धूर आधी दिसतो."

"आणि नवा साहेब आला की?"

"त्यो पैल्या महिन्यात हात कशाला लावतो ते बघायचं. नावाच्या पाटीला, का गोदामाच्या कुलपाला."

आणि मग तो त्यांचा लाडका विषय. कंपनीचा मालक, डायरेक्टर, मॅनेजर, म्हणजे आतली माणसं, स्वतःच्या खिशातून त्याच कंपनीचे शेअर घेतात का? स्वैपाक ज्यानं केला तो स्वतः त्या पातेल्यातलं खातो का? पण तेवढ्यावरही मामा खूश व्हायचे नाहीत. डायरेक्टर व्हायचं तर काही शेअर नावावर असावेच लागतात म्हणे. ते घेतले म्हणजे काही विशेष नाही, ते हळदीकुंकवाला जाताना लुगडं बदलण्यापैकी. काहीजण आपली खुर्ची जाऊ नये म्हणून घेतात. काहीजण चारचौघांनी बघावं म्हणून घेतात. "ताट म्होरं वढलं म्हंजी जेवला न्हाई," मामा बोट नाचवून म्हणायचे. "घास गिळला का, ते बघायचं."

हे ते इतक्या तिडकीनं का बोलतात ते मला मामींनी सांगितलं. आम्ही दोघी जात्यावर बसलो होतो. मामींच्या हातात काचेच्या बांगड्या, मागंपुढं सोन्याचं काही नाही. मी सहज विचारलं, पाटल्या करायच्या राहून गेल्या का मामी?

"व्हत्या की. बापानं घातलेल्या." जातं थांबलं नाही. "मुंबईत एक गिरणी बुडाया आली व्हती. तिच्या मालकानं सोताच सोताचं शेअर घेतलं, पेपरात आलं. ह्येंनी म्हटलं, मालक घेतोय म्हंजी गिरणी उठणार. माज्या पाटल्या मागितल्या. मी दिल्या."

"मग?"

"मग काय! त्यो मेला एका हातानं घेत व्हता, आन् दुसऱ्या हातानं मेव्हन्याच्या नावानं इकत व्हता. गिरणीला टाळं लागलं." मामींनी मूठभर ज्वारी जात्यात टाकली. "त्या दिसापासनं ह्येंनी सोता एक शेअर घेतला न्हाई. लोकांना सांगत्यात नुसतं. आन् माज्या हाताकडं बघत न्हाईत. तुज्या ध्येनात आलंय का? भाकर वाढताना बी ताटाकडं बघत्यात."

माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानंतर रोज यायला लागलं. मला त्या दोघांची फार दया यायची आणि दोघांचा रागही यायचा. एवढी वर्षं एका चुलीपाशी काढली आणि एक शब्द बोलता येऊ नये?

आता आमच्याकडची गोष्ट सांगते. मला दिवस गेले होते. पहिल्या खेपेला साताऱ्याकडे असताना टिकलं नव्हतं, त्यामुळे मी अगदी जीव मुठीत धरून होते. आई नाही, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नाही. मामींनी आपणहून सांगून टाकलं होतं, "बाळंतपन हितंच. माज्या हाताखाली." त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी नाही, त्यांचीच कूस उजवणार असल्यासारख्या त्या डिंक, खोबरं, खारीक जमवायला लागल्या. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला काढली. मामा बाजारातून पाळण्याच्या दोऱ्या घेऊन आले, विकणाऱ्याच्या नातवाचा पाळणा त्याच दोऱ्यांना टांगलाय हे त्याच्या घरी जाऊन बघूनच.

आणि नेमका तेव्हाच पंपाचा कारखाना डबघाईला आला. माल गोदामात पडून, पगार लांबलेला. मालक मुंबईचे, त्यांचा पुतण्या मॅनेजर होता. तो एक दिवस टेबलफॅन काखोटीला मारून मुंबईला गेला तो परत आलाच नाही. कामगार गेटवर उभे राहून एकमेकांची तोंडं बघायचे. तेवढ्यात ह्यांच्या चुलतभावाचा नगरकडून सांगावा आला. तिथं साखर कारखान्यात जागा आहे, राहायला खोली देतात, दसऱ्याच्या आत कळवा.

ह्यांचा जाण्याकडे कल होता, आणि त्यात चूक काही नव्हतं. पोटाला लागतंच. पण मी त्या नुसत्या विचारानं हबकले. सातव्या महिन्यात अनोळखी गावी, ओळखीची एक बाई नाही, सुईण कोण कुठली. तुळस एकदा मांडीवर घेऊन आले होते, आता पोट घेऊन जायचं होतं.

"थोडं थांबा राव," मामा ह्यांना म्हणाले. "नवा साहेब येतोय. त्याला बघू."

नवा साहेब कोल्हापूरकडचा, तरणा, मोटारसायकलवरून आला. गेटसमोर एक पिंपळाचा पार होता. मामांनी त्या पारावर मुक्कामच ठोकला. मामी डबा तिकडंच पाठवायच्या. संध्याकाळी ते येऊन आम्हाला सांगायचे. साहेबानं नावाची पाटी रंगवली नाही, जुन्याच पाटीवर कागद डकवलाय. गोदामाचं कुलूप मात्र बदललं. हिशेबनीस जागेवर आहे आणि आता दुपारी घरी जेवायला जातो, म्हणजे त्याला झोप लागते. ह्या शेवटच्या तर्कावर मी पदराआड हसून घेतलं. पण एक दिवस मामा घाईघाईनं आले ते पायातल्या वहाणा काढायचे विसरून थेट स्वैपाकघरात.

"म्हैस घेतली!"

"कुणी?"

"साहेबानं! चाकणच्या बाजारातनं म्हैस आणली, बंगल्याम्होरं बांधलीय. आगं, सा महिन्यात पळायचं आसंल तर कोन म्हैस घेईल?"

मामींनी त्यांना आधी वहाणा काढायला लावल्या. पण त्या दिवशी आमच्या घरात जरा उजेड पडला. हेसुद्धा म्हणाले, बघू, थांबू थोडं.

तो उजेड काही टिकला नाही. पुढच्याच आठवड्यात साहेब कारखान्यात आला तो सायकलवर! मोटारसायकल गायब. दुसऱ्या दिवशीही सायकल, तिसऱ्या दिवशीही. झालं, अख्ख्या कारखान्यात एकच बोंब. साहेबाची गाडी गेली म्हणजे कंपनीच गेली. गाडी कंपनीनं विकली, उद्या यंत्रं विकतील. जे थांबले होते तेही नोकऱ्या शोधायला लागले. आमचे हे घरी आले, हातपाय धुतले आणि मला म्हणाले, "आवराआवर करायला घे."

मी दुपटी शिवत होते ती तशीच शिवत राहिले. डोळ्यांना धड टाके दिसत नव्हते.

आता मामांचा एक जुना सोबती होता, मुंबईच्या त्याच पेढीवरचा. तो दर संकष्टीला गणपतीच्या दर्शनाला चिंचवडला यायचा आणि मामींच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन जायचा. त्या संकष्टीला तो आला आणि खिचडी खाता खाता बोलून गेला, "तुमच्या पंपवाल्यांचे शेअर मातीमोल झालेत. पण नव्या मॅनेजरच्या बायकोच्या नावानं कुणीतरी थोडे थोडे उचलतंय. गाजावाजा नाही काही. आमच्याच पेढीवरून गेले."

मामांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मग ते असे उठले की वाटलं ह्यांना काहीतरी चावलंच. "गाडी!" ते ओरडले. "गाडी इकून शेअर घेतलं त्यानं! पोरी, गाडी कंपनीनं न्हाई इकली. त्यानं सोताची इकली!"

संध्याकाळी हे शिफ्ट संपवून आले तर मामा ओट्यावर वाटच बघत होते. सगळं सांगितलं. पाटी, कुलूप, हिशेबनीस, म्हैस, आणि आता हे. पेपरात न छापता, बायकोच्या नावानं, हातातली गाडी मोडून. "ही गिरणीवाल्याची गत न्हाई. ह्यो घास गिळलेला मानूस हाय. तुमी जाऊ नगा."

ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आमचे हे फार बोलणारे नव्हते आणि मामांचा मान राखायचे. पण त्या दिवशी म्हणाले, "मामा, रागावू नका. तुम्ही मला थांबायला सांगताय. माझी बायको अवघडलेली, घरात पगार नाही. मला एवढंच सांगा, आचारी जेवला का?"

"म्हंजी?"

"तुम्ही. तुम्ही घेतलाय का त्या कारखान्याचा एक तरी शेअर?"

मामांचा तोच प्रश्न मामांनाच कुणी विचारेल असं त्यांना कधी वाटलंच नसावं. काळ्या कोटाची बटणं लावली, परत काढली. मग उठून आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मामा आमच्या दारात येऊन बसले. चेहरा इतका उतरलेला की मला भडभडून आलं.

"पोरी, तुज्या नवऱ्यानं बरोबर इचारलं. मी रातभर इचार केला. साहेब चांगला हाय का मला चांगला पायजे म्हून चांगला दिसतोय, मलाच कळंना झालंय." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमी गेलात तर तुजी मामी कशी ऱ्हाईल? तिनं दुपटी शिवल्यात. मी सोताच त्या पंगतीत बसलोय गं. मी कसा सांगू जेवन कसं झालंय?"

मलाही थांबायचंच होतं. मीही त्याच पंगतीत होते.

"सांगूच नका मग," आतून मामींचा आवाज आला. त्या पदराला हात पुशीत बाहेर आल्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक बोरमाळ असायची, सासूनं घातलेली. सोनं म्हणून त्यांच्या अंगावर तेवढंच उरलं होतं. त्यांनी ती डोक्यावरून काढली आणि मामांच्या मांडीवर ठेवली.

मामा विंचू पडल्यासारखे दचकले. "न्हाई. एकदा केलंय मी ते. परत न्हाई."

"तवा तुमी मागितल्या म्हून दिल्या. आता तुमी मागितलंय का? मी देतीय."

"बुडलं तर?"

"बुडलं तर बुडलं."

"आगं पर त्या साहेबाचं काय खरं..."

"साहेब गेला खड्ड्यात! मला काय साहेबाशी करायचंय?" मामी कडाडल्या. मग त्यांचा आवाज एकदम बसला. "ह्या पोरीला आई न्हाई आन् मला लेक न्हाई. आन् तुमी जन्मभर लोकांच्या आचाऱ्याचं ताट बघत हिंडलात. एकदा आपलं बी ताट वाढा."

मामांनी ती बोरमाळ हातात घेतली. आणि मग, बाई गं, त्यांनी मामींच्या हातांकडे बघितलं. चांगलं नीट, काचेच्या बांगड्यांकडे. मी उठून चुलीकडे गेले. तिथं माझं काही काम नव्हतं.

मामा मुंबईला गेले आणि आले. आल्यावर ओट्यावर कालचा पेपर घेऊन बसले. संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मामींनी नेहमीसारखं ताकाचं भांडं त्यांच्यापुढं केलं. ताक घेता घेता ह्यांची नजर मामींच्या गळ्याकडे गेली. नुसते काळे मणी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ताक तसंच हातात धरून हे बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. मग मामांपुढं गेले आणि वाकून नमस्कार केला. नगरला कळवलं, येत नाही.

कारखान्याचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याच्या जिवाला घोर. टिकला. एकदम नाही, रडतखडत. ते सबंध वर्ष पगार मागंपुढं होत राहिला, आम्ही आमटीत पाणी वाढवलं. मग हळूहळू गोदाम रिकामं व्हायला लागलं आणि आमचे हे त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. मामांनी ते शेअर कधीच विकले नाहीत. भाव वर गेला तरी म्हणायचे, पंगत चालू असताना आचाऱ्यानं उठू नये. ते गेल्यावर मामींनी विकले आणि पुन्हा बोरमाळ केली. ती आज माझ्या लेकीकडे आहे.

आणि एक मजा. पुढं बऱ्याच वर्षांनी साहेबाच्या बायकोशी माझी हळदीकुंकवात ओळख झाली. बोलता बोलता मी मोटारसायकलीचा विषय काढला. ती खो खो हसायला लागली. "अहो, शेअर माझ्या वडिलांच्या पैशांचे! आणि ती गाडी? हे आकुर्डीच्या वळणावर गाडीसकट रस्त्याकडेच्या चारीत पडले होते. तेव्हा मी शपथ घातली, आता तुम्ही राहाल नाहीतर गाडी राहील."

मी धावतपळत येऊन मामांना सांगितलं. म्हटलं, तुमची एवढी हुशारी आणि साहेब खरोखरच खड्ड्यात गेला होता! मामांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "कारन चुकलं." थोड्या वेळानं म्हणाले, "पर म्हैस बरोबर व्हती." मामी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

पण मला मामा आठवतात ते तेव्हाचे नाहीत. मला आठवतं माझ्या मुलीचं बारसं. पगार तेव्हाही थकलेलाच होता, कारखाना राहतो की जातो ते कुणालाच माहीत नव्हतं. बोरमाळ गेली ती गेलीच, असंच सगळे धरून चालले होते. गावात कुजबुज होतीच की म्हाताऱ्यानं बायकोचं उरलंसुरलं सोनंही घालवलं. तशात मामींनी बारशाचा स्वैपाक एकटीनं रांधला. घुगऱ्या, पुरण, कटाची आमटी. मी भिंतीला टेकून पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. देवाला नैवेद्य दाखवून झाला. अंगणात पानं मांडली. आळीतले पुरुष बसले, आमचे हे बसले, साखर कारखान्याचा चुलतभाऊही आला होता तो बसला. फक्त मामा उभे. कोटाची बटणं लावलेली, नजर खाली. तो प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही. विचारायला तोंडच नव्हतं त्यांना. सगळ्या पंगतीला तो प्रश्न ठाऊक होता आणि सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती.

मामी पुरणाचं ताट घेऊन बाहेर आल्या. ही बाई जन्मात कधी नवऱ्याच्या आधी जेवली नव्हती, हे लक्षात घ्या. दुखणाईत असली तरी नाही. त्या आल्या, आणि पंगतीच्या तोंडाशी मामांसाठी मांडलेलं जे पान होतं, त्यावर स्वतः मांडी घालून बसल्या. स्वतःच्या हातानं वाढून घेतलं. कुणी काही म्हणायच्या आत पोळीचा घास मोडला, तोंडात घातला आणि सगळ्यांच्या देखत नीट चावून गिळला.

मग नुसत्या काळ्या मण्यांवरचा पदर सारखा केला, मामांकडे बघितलं आणि शेजारची जागा हातानं थोपटली.

"आचारी जेवला," मामी म्हणाल्या. "बसा आता."